मोटारीचा विमा आणि माणसाचें वय

आमच्या नववीच्या वर्गांत शेंकडेवारीचीं उदाहरणें चालू असतां एका विद्यार्थ्यानें मोठा मार्मिक प्रश्न विचारला. त्याचा चुलतभाऊ शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेला असून तेथें त्यानें एक जुनी मोटार घेतली आहे. तिच्या विम्याचा हप्ता ऐकून घरची मंडळी थक्क झाली. कारण इकडे वडिलांच्या नव्या कोऱ्या गाडीस त्याच्या निम्म्यानेंही खर्च आलेला नाहीं. "सर, वय कमी म्हणून त्याला पैसे जास्त पडतात, असें तो म्हणतो. मग आपल्याकडे तसें कां नाहीं?" त्या तासाला आम्हीं थोडक्यांत उत्तर दिलें, परंतु हा विषय मुलांइतकाच पालकांच्याही हिताचा असल्यामुळें तो येथें सविस्तर मांडीत आहों.

विमा म्हणजे अनेकांनीं थोडें थोडें देऊन एकाचें मोठें नुकसान भरून काढण्याची योजना होय. ज्याच्या बाबतींत नुकसानीचा संभव अधिक, त्यानें अधिक द्यावें, हा त्यांतील न्याय. वयावरून असा संभव मोजण्याची कल्पना मोटारीहून फार जुनी आहे. धूमकेतूमुळें ज्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, त्या एडमंड हॅले या ज्योतिर्विदानें १६९३ सालीं ब्रेस्लाउ शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाचें माणूस पुढें किती वर्षें जगण्याचा संभव आहे याचें गणित मांडलें. पुढें १७४४ च्या सुमारास स्कॉटलंडांतील वेब्स्टर व वॉलेस या दोन पाळकांनीं दिवंगत पाळकांच्या विधवा व मुलें यांच्याकरितां जो निधि उभारला, तो अशाच गणिताच्या आधारावर. उपदेशकांनीं गणितांत इतकें लक्ष घातल्याचें हें उदाहरण आम्हांस नेहमींच कौतुकाचें वाटत आलें आहे.

पाश्चात्य देशांतील मोटारविमा याच वाटेनें गेला. अमेरिकेंत सारख्याच अंतरामागें हिशेब केला असतां, सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांच्या हातून प्राणघातक अपघात होण्याचें प्रमाण वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचें तेथील नोंदी सांगतात. तेव्हां कंपन्या तरुणांकडून अधिक पैसे घेतात, चालक प्रौढ झाला कीं हप्ता उतरतो, आणि पुढें वार्धक्य आलें कीं तो पुन्हा चढूं लागतो. मात्र ही रीत सर्वांसच मान्य आहे असें नाहीं. हवाई बेटांच्या राज्यांत वयावरून दर ठरविण्यास मनाई आहे. कॅलिफोर्नियांत १९८८ सालीं लोकांनीं मतदानानें कायदा करून, चालकाची मागील वर्तणूक, वर्षांतील प्रवासाचें अंतर आणि चालविण्याचा अनुभव या तीन गोष्टींना अग्रमान दिला.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळें दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई करणारा पहिला भाग कायद्यानें सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवितें, आणि त्यांत चालकाचें वय कोठेंच येत नाहीं. केवळ इंजिनाची शक्ति पाहिली जाते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत १००० सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, आणि ७५ ते १५० सी. सी. च्या मोटारसायकलीस ७१४ रुपये ठरविले गेले. मालक वीस वर्षांचा असो कीं सत्तर वर्षांचा, आंकडा तोच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. येथें वय पाहिलें जातें, परंतु तें मुख्यतः गाडीचें! सहा महिन्यांच्या आंतील गाडीची विम्यासाठींची किंमत छापील किंमतीहून शेंकडा ५ कमी धरतात. एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५० टक्के घट धरतात. २००२ सालच्या दरपत्रकाप्रमाणें मुंबई, पुणें इत्यादि आठ मोठीं शहरें वगळून उरलेल्या भागांत, म्हणजे आपल्या जालन्यासही, १००० सी. सी. पर्यंतच्या मोटारीस पांच वर्षांपर्यंत शेंकडा ३.०३९ असा दर होता. सहा लाखांच्या नव्या गाडीची किंमत ५,७०,००० धरली तर हप्ता सुमारें १७,३२२ रुपये होतो. तीच गाडी चौथ्या वर्षांत ३,६०,००० ची ठरून हप्ता १०,९४० वर येतो. गाडी पांच वर्षांची झाल्यावर दर मात्र ३.१९१ आणि दहानंतर ३.२६७ असा वाढे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. २००७ पासून या भागांत कंपन्यांना दर ठरविण्याची मोकळीक मिळाली असल्यामुळें मालकाचें वय त्या विचारांत घेऊं शकतात. परंतु परदेशांतल्यासारखा त्याचा बोजा इकडे पडत नाहीं.

आपल्याकडे बक्षीस मिळतें तें वयास नव्हे, सांभाळून चालविण्यास. एक वर्ष भरपाई मागितली नाहीं तर या दुसऱ्या भागांत शेंकडा २० सूट मिळते. पुढें ओळीनें २५, ३५, ४५ आणि पांचव्या वर्षीं ५०. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, म्हणून नवी गाडी घेतली तरी ती बरोबर येते. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत विमा चालू केला नाहीं, तर मात्र ती सारी बुडते. पुष्कळ पालक येथें फसतात.

तर मग माणसाच्या वयाचा प्रश्न आपल्याकडे नाहींच काय? आहे. पण तो हप्ता भरतांना पुढें येत नाहीं, अपघात झाल्यावर येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मोटार चालवितां येत नाहीं; सोळाव्या वर्षीं परवानगी आहे ती फक्त ५० सी. सी. पर्यंतच्या मोटारसायकलीची. आमच्या शाळेच्या फाटकांतून फटफटी आंत आणण्यास बंदी आहे, म्हणून पलीकडच्या गल्लींत ती उभी करून पायीं येणारे दहावीचे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या घरीं विचारलें तर उत्तर मिळतें, "गुरुजी, गाडीचा पांच वर्षांचा विमा उतरविला आहे." विमा आहे हें खरें, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारसायकलीचा सक्तीचा विमा पांच वर्षांसाठीं एकदम घ्यावाच लागतो. पण परवाना नसलेल्या मुलाच्या हातीं गाडी असेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारते. दुसऱ्याची भरपाई न्यायाधिकरण कंपनीस देण्यास सांगतें. मात्र गाडी बापानेंच मुलाच्या हातीं दिली हें सिद्ध झालें, तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतें. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानें हा मार्ग पक्का झाला आहे.

ही रक्कम किती असते? समजा, मोसंबीचा माल मोंढ्यावर घालून परतणारा ३८ वर्षांचा एक शेतकरी अशा अपघातांत दगावला. त्याची कमाई महिन्यास २०,००० रुपये, मागें पत्नी व दोन मुलें. वर्षाची कमाई २,४०,०००. पुढील वाढीसाठीं शेंकडा ४० मिळविले म्हणजे ३,३६,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जातां २,२४,००० राहतात. मयताच्या वयाप्रमाणें गुणक ठरतो: एकविसापासून पंचविसापर्यंत १८, छत्तीस ते चाळीसला १५, पासष्टच्या पुढें ५. येथें १५ नें गुणतां ३३,६०,००० रुपये होतात, अंत्यविधि वगैरेंचा खर्च वेगळा. ७१४ रुपयांच्या हप्त्यांत कंपनीनें पत्करलेला हा बोजा मुलाच्या हातीं किल्ली दिल्याबरोबर बापाच्या शेतावर व घरावर येऊं शकतो.

शिवाय १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा अधिक कडक झाला आहे. अल्पवयी मुलाच्या गुन्ह्यासाठीं पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. आपल्या नकळत किंवा योग्य ती खबरदारी घेऊनही हें घडलें असें सिद्ध करणारा पालकच यांतून सुटतो. २०२४ च्या मे महिन्यांत पुण्याच्या कल्याणीनगरांत दोन तरुण अभियंते मोटारीच्या धडकेनें मृत्युमुखीं पडले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप होऊन त्याच्या वडिलांसही अटक झाली.

अठरा वर्षें पुरीं झालीं कीं शिकाऊ परवाना मिळतो, आणि निदान तीस दिवसांनीं पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. जालन्याच्या परिवहन कार्यालयांत वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालतो. दाखल्यावरील जन्मतारीख आमच्या रजिस्टरांतूनच उतरविलेली असते. ती पालकांनीं एकदां येऊन पाहून जावी. चूक असल्यास मूल शाळेंत आहे तोंवरच ती दुरुस्त करून घ्यावी, मागाहून हें काम फार जड जातें.