तुरुंगाऐवजी उपचार : कायद्याने ठेवलेली वाट

गर्दाच्या पुडीसह मुलगा पकडला गेल्याची बातमी चाळीत येते, तेव्हा घरच्यांची पहिली धडपड प्रकरण मिटवण्याची असते. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि पोराला घरी आणायचे. खटला संपतो, व्यसन मात्र तसेच राहते. गिरगावपासून परळ, लालबाग, दादरपर्यंतच्या वस्त्यांनी १९८० नंतर ब्राउन शुगरचा हा फेरा पाहिला आहे. अशा वेळी न्यायालयाकडे उपचार मागता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून सभासद व विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

अठरा वर्षांखालील मुले

मुलांना तुरुंगात टाकू नये, हा विचार मुंबईला नवा नाही. १९२४ साली येथे मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला व १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. १८८२ साली टिळक-आगरकरांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेथे पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले.

आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात; त्यांपैकी किमान एक स्त्री असते. कलम १८ नुसार मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते आणि त्यासोबत शाळेत जाण्याचा किंवा व्यसनमुक्तीचा उपचार घेण्याचा आदेशही देऊ शकते. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्याकरवी ते विकणाऱ्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

अठरा वर्षांवरील तरुण

यांना १९८५ चा कायदा लागतो, ज्याला सारे 'एनडीपीएस' म्हणतात. गर्दाच्या सेवनासाठी त्यात एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण त्याच कायद्यात दोन वाटा आहेत. कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतला, तर खटल्यापासून संरक्षण मिळते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे, दोषी ठरलेल्यालाही न्यायालय त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन उपचारासाठी सोडू शकते. एक वर्षाच्या आत त्याने उपचाराचा अहवाल घेऊन हजर व्हायचे असते. गर्दाचे अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. मोठा साठा बाळगणाऱ्याला ही सवलत नाही.

उपचार म्हणजे काय?

गर्द बंद केल्यावर अंगदुखी, उलट्या, निद्रानाश असे हाल होतात. व्यसनी मंडळी त्याला 'टर्की' म्हणतात. ते साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतात. कोठडीतही गर्द मिळाला नाही तर एवढे घडतेच. पण तो उपचार नव्हे. उलट मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. सुटून आलेल्या तरुणाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून औषधाबरोबर समुपदेशन, कुटुंबाशी बोलणे आणि घरी परतल्यावर पाठपुरावा लागतो. अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने हीच पद्धत महाराष्ट्राला परिचित केली.

अमेरिकेत मायामी येथे १९८९ साली यासाठी खास न्यायालय सुरू झाले. तेथे न्यायाधीश स्वतः उपचार घेणाऱ्याला वारंवार बोलावून प्रगती विचारतात. आपल्याकडे कायद्यात वाट आहे. पण उपचारावर अशी सतत नजर ठेवणारे न्यायालय नाही. ती उणीव वस्तीतील माणसांनाच भरून काढावी लागते.

आपण काय करावे?

गुन्हा कबूल करण्याआधीच वकिलाला उपचारासाठी अर्ज करायला सांगावे. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. कोठडीतील व्यक्ती, मुले, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उपचाराचे सर्व कागद जपून ठेवावेत. केईएम व नायर रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनीवर माहिती मिळते.

पाचवे शील ज्याचे त्याने ग्रहण करायचे असते. कायदाही म्हणूनच संमती मागतो. परंतु उपचाराहून परतलेल्या मुलाला कामाला लावणे, तारखेला त्याच्यासोबत न्यायालयात जाणे आणि चाळीत त्याला 'गर्दुल्ला' म्हणून हाक न मारणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. ते प्रत्येक सभासदाने करावे, अशी आमची विनंती आहे.