डीओ-१ : सहा अमिनो आम्लांवरची पकड

पेशीतील डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन ठरावीक जनुकांलगतच्या डीएनएला चिकटते आणि ती जनुके कार्यान्वित करते. पेशीचे विभाजन रोखून धरणारे पी२१ हे त्यांपैकीच एक. १९७९ साली शोध लागलेल्या पी५३चा माग काढण्यासाठी आज जगभर जे प्रतिपिंड वापरले जाते, ते डीओ-१, बोर्झिवोय वोयत्येशेक, डेव्हिड लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. त्यामागचे तंत्र कोलर व मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये सिद्ध केलेले होते : प्रथिन टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडली, की निर्माण होणारी संकरपेशी अखंड वाढत राहते आणि एकाच घडणीचे प्रतिपिंड स्रवते.

डीओ-१चे खरे वैशिष्ट्य त्याच्या पकडीत आहे. मानवी पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असले, तरी हे प्रतिपिंड त्यांपैकी केवळ २० ते २५ या क्रमांकांची सहा आम्ले ओळखते, आणि विलक्षण गोष्ट अशी की पी५३ला विनाशाकडे धाडणारे एमडीएम२ हे प्रथिनही नेमक्या याच भागाला धरते. निरोगी पेशीत पी५३ अत्यल्प आढळते ते या एमडीएम२मुळेच. पेशीच्या स्वतःच्या नियंत्रणाची कळ जेथे आहे तेथेच संशोधकाचे साधनही टेकावे, यात या प्रतिपिंडाचे मोल आहे आणि त्याची जोखीमही.

कारण डीएनएला इजा झाल्यावर पेशी विसाव्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडते, आणि तसे झाले की डीओ-१ची पकड सुटते. म्हणजे प्रथिन जागे होत असतानाच त्याचे काही रेणू या साधनाच्या नजरेआड जातात. आरंभीची ३९ वा १३२ आम्ले नसलेली पी५३ची आखूड रूपे त्याला मुळीच दिसत नाहीत, आणि उंदराचे पी५३ही ते ओळखत नाही. क्रोमॅटिन अवक्षेपणात, म्हणजे प्रथिन डीएनएला जेथे चिकटले आहे तेथेच गोठवून प्रतिपिंडाने वेचून काढण्याच्या पद्धतीत, वापरले जाणारे फॉर्मल्डिहाइड लायसीनवर क्रिया करते, आणि त्या सहा आम्लांत एक लायसीन आहे. म्हणून गोठवण्याचा वेळ काळजीपूर्वक ठरवावा लागतो.

रोगनिदानात ही चिंता अधिक गंभीर होते. उत्परिवर्तित पी५३ बहुधा साचून राहते, त्यामुळे डीओ-१ने रंगवल्यावर कर्करोगाच्या गाठीतील पेशींची केंद्रके गडद दिसतात. परंतु उत्परिवर्तनाने प्रथिन अर्धवटच तुटले किंवा जनुकच नाहीसे झाले, तर रंग अजिबात उमटत नाही, आणि हा कोरेपणा निरोगीपणाचा समजला गेला तर निदान चुकते. म्हणूनच त्याच काचपट्टीवरील शेजारच्या निरोगी पेशींत फिकट रंग आला आहे ना, हे आधी पाहिले जाते. प्रयोगशाळेत प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करून पाहताना उलट बाजूची खात्री करण्यासाठी पी५३ नसलेल्या एच१२९९ या फुप्फुस-कर्कपेशी सोबत तपासतात. त्यांतही पट्टा उमटला, तर तो पी५३चा नव्हे.