कंपनी सुटली, तरी विम्याचे कार्ड फेकू नका!

तारापूरचे अणुशक्ती केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. त्याच्या पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा कारखान्यांत आपली कितीतरी माणसे कामाला लागली. कोणी पालघर-डहाणूकडचे, कोणी घाटावरून, मराठवाड्यातून पोटासाठी आलेले. त्या पिढीचे केस आता पांढरे झाले आहेत. ब्लडप्रेशर, साखर, गुडघे, दमा यांनी घरात मुक्काम ठोकला आहे. नेमक्या याच वेळी औषधांचा आधार सुटतो. कारण कंपनी सुटली की विम्याचा दवाखानाही सुटला, असे अनेकजण धरून चालतात.

वाचकहो, ही समजूत खरी नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या ईएसआयमध्ये, किमान पाच वर्षे विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर त्याला व त्याच्या पत्नीला पुढेही उपचार घेता येतात. कामगार स्त्री असेल, तर तिला व तिच्या पतीला. वर्गणी महिन्याला दहा रुपये; वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे. पाच वर्षांची अट पुरी असेल, तर स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही हा हक्क आहे. विमा क्रमांक, आधार कार्ड, निवृत्तीचा कंपनीचा दाखला आणि फोटो घेऊन विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात जावे.

ही कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. आजही कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणून जे अजून कामावर आहेत, विशेषतः ठेकेदाराकडे, त्यांनी पगाराची चिठ्ठी पाहावी. कापलेले पैसे आपल्या विमा क्रमांकावर जमा होतात की नाही, याची खात्री करावी. आणि निवृत्तीच्या दिवशी हिशेबाबरोबर दाखलाही मागून घ्यावा. कंपनी बंद पडल्यावर तो मिळवताना चपला झिजतात.

“आमच्या बाबांकडे पाच लाखांचे कार्ड आहे,” असे काहीजण म्हणतील. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान योजनेचे ते कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते आणि ते जरूर काढावे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. रोजच्या गोळीचे काय? ब्लडप्रेशरची गोळी पैसे नाहीत म्हणून, किंवा “आता बरे वाटते” म्हणून बंद केली, की एखाद्या पहाटे तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. असे दिसताच घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करून तात्काळ रुग्णालय गाठावे. पहिले काही तासच मोलाचे असतात.

आणि मग माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याचे कोण करते? मुलगा विरारच्या पुढे लोकलमध्ये उभा असतो. घरातली सून किंवा म्हातारी आई, तीच उचलते, तीच धुते, दर दोन तासांनी कूस बदलून देते. पुष्कळदा सुनेलाच कामावर पाणी सोडावे लागते. म्हणजे न घेतलेल्या गोळीची किंमत घरातल्या बाईच्या कंबरेने आणि पगाराने चुकवावी लागते. मुलांनी सुट्टीच्या दिवशी तरी हे काम अंगावर घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. रसायनांच्या खात्यात उमेद गेलेल्या माणसाला जुना खोकला, धाप असेल, तर डॉक्टरांना कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले ते आवर्जून सांगावे. त्याशिवाय दुखण्याचे मूळ सापडत नाही.

आमची एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी घरातली जुनी ट्रंक उघडा, बाबांचे विम्याचे कार्ड शोधा. ज्यांना वाचता येत नाही अशा शेजारच्या आजोबांचेही शोधून द्या. सोमवारी एकाने रजा टाकावी आणि चार म्हाताऱ्यांचे अर्ज एकदम भरून यावे.