बारा काड्यांची भूमिती

पालकहो, आजच्या खेळाला विकत काही आणायचे नाही. खराट्याचे हीर घ्या आणि बोटभर लांबीचे बारा सारखे तुकडे कापा. काडेपेटीतल्या काड्याही चालतील, फक्त गुल आधी मोडून टाका. अट एवढीच की दर खेपेला बाराही काड्या लागल्या पाहिजेत आणि एकही मोडायची नाही.

मुलांना त्रिकोण करायला सांगा. बहुतेक मुले 4-4-4 करून थांबतात. आणखी दोन होतात : 5-5-2 आणि 3-4-5. याखेरीज नाही. 6-3-3 करून पाहा, सगळ्या काड्या आडव्या पडून नुसती रेघ होते.

यातला 3-4-5 आपल्या ओळखीचा आहे. मुळशी तालुक्यात बावधन, हिंजवडी, पिरंगुटकडे इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पायाशी गवंड्याची दोरी होती. आखणी करताना कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधले अंतर 5 फूट भरले की कोपरा काटकोनात. नाही भरले तर खुंटी सरकवायची. तिथे आळस केला तर पुढे फरशी बसवताना प्रत्येक कडेला तुकडे कापावे लागतात. शाळेत हेच पायथागोरसचे प्रमेय म्हणून येते आणि मुले घाबरतात. ज्यांच्या घरी गवंडीकाम आहे त्यांनी एकदा अंगणात दोरी लावून दाखवावे. बापाला गणित येते हे मुलांना कळू द्या.

आता आतली जागा मोजू. एका काडीच्या चौरसाला एक घर म्हणा. 3-3 च्या चौरसात 9 घरे, 4-2 च्या आयतात 8, 5-1 च्या पट्टीत फक्त 5. कुंपणाची तार तेवढीच, जमीन जवळपास निम्मी! दोन-दोन काड्यांच्या षटकोनात मात्र सुमारे 10.4 घरांइतकी जागा मावते. गुंठा-अर्धा गुंठा घेताना कोणी चार बाजूंची नुसती बेरीज सांगितली तर हे आठवा.

काड्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे वापरा. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असताना 1978 साली ते रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊतून असंख्य खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळीने जोडलेला चौरस दाबला की तिरपा होतो, आतली जागाही घटते. त्रिकोण हलत नाही. ताम्हिणीच्या पावसाखाली उतरत्या छपराची कैची त्रिकोणी असते ती म्हणूनच.

शेवटी एक कोडे. 3-4-5 च्या त्रिकोणात 6 घरांची जागा असते. फक्त 3 काड्या हलवून ती 4 करा. बाराही काड्या कडेलाच राहिल्या पाहिजेत. सुरुवात काटकोनाच्या कोपऱ्यापासून करा.