फऱ्या : धडधाकट वासरू दोन दिवसांत कसं दगावतं?

पावसाळा लागतो, हिरवा चारा मिळतो, वासरं अंगाने भरतात. आणि त्यातलंच एखादं सकाळी लंगडताना दिसतं. चिखलात पाय मुरगळला असेल म्हणून कुणी शेक देतं, कुणी डाग देतं. दुसऱ्या दिवशी वासरू मेलेलं असतं आणि गावात चर्चा होते, पान लागलं असणार.

बऱ्याचदा तो फऱ्या असतो. काही भागांत याला एकटांग्या म्हणतात, कारण जनावर एका पायाने लंगडतं.

हा रोग क्लॉस्ट्रिडियम गटातल्या जिवाणूमुळे होतो. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि चाऱ्यासोबत पोटात जातात. ते स्नायूंमध्ये गप्प पडून राहतात. मुका मार लागून तिथला ऑक्सिजन कमी झाला की जागे होतात, असं मानलं जातं. म्हणजे 'मार लागला' हा घरच्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, फक्त अर्धवट आहे. सहा महिने ते दोन वर्षं वयाची, चांगली पोसलेली जनावरं जास्त सापडतात.

मग मुरगळणं आणि फऱ्या यातला फरक कसा ओळखायचा? हात लावून. फऱ्यात ताप 106 अंश फॅरेनहाइटच्या आसपास जातो, वासरू चारा सोडतं. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते. आधी ती गरम आणि दुखरी असते, नंतर थंड पडते आणि दाबली की आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो. सूज थंड पडली, दुखायची थांबली म्हणजे बरं वाटतंय असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथला स्नायू मेलेला असतो.

उपचार आहे, पेनिसिलिन. पण मोठ्या मात्रेत आणि अगदी सुरुवातीला दिलं तरच. त्यामुळे लंगडणं आणि ताप एकत्र दिसले की लगेच पशुवैद्यकाला बोलवा. 1962 हा टोल फ्री नंबरही आहे.

खरा भरवसा लसीवर. सहा महिन्यांवरच्या जनावरांना दरवर्षी पावसाळ्याआधी ती देतात. घटसर्प आणि फऱ्याची एकत्रित लसही मिळते.

जनावर दगावलंच तर कातडी काढू नका, चिरू नका, उघड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाहीतर तेच बीजाणू पुन्हा तुमच्याच कुरणात.