गांवचें दप्तर आणि घरचीं नांवें

नागपुरांत धंतोलीच्या जुन्या घरांतून एक कपाट हटकून आढळतें. त्यांत शेतसाऱ्याच्या पावत्या, कोर्टाच्या निकालांच्या नकला आणि लाल फडक्यांत बांधलेले आजोबांच्या वेळचे कागद असतात. घरचीं माणसें वकिली, डॉक्टरी वा अध्यापन करीत शहरांत स्थिरावलीं. तरी काटोल, उमरेड किंवा वर्धेकडील वडिलार्जित शेताशीं नातें पुरतें तुटलेलें नसतें. शेत कोणाच्या नांवें आहे असें विचारावें, तर उत्तर ठरलेलें : “आमच्याच.” सात-बाराचा उतारा काढून पाहावा, तर कैक वर्षांपूर्वीं निवर्तलेल्या आजोबांचेंच नांव तेथें सुखानें नांदत असतें! या अनास्थेविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें.

नागपूर भागांतील जमिनीचा इतिहास पुण्या-साताऱ्याकडील रयतवारीहून निराळा आहे. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, आणि पुढील दशकांत इंग्रज सरकारनें गांवचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांसच गांवचे मालक ठरविलें. ही मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजीं कायद्यानें संपली. मालगुजाराकडे घरची शेती राहिली. गांवचें रान, तळीं व पडीत सरकारकडे गेलीं. मात्र गुरें कोठें चारावीं, सरपण कोठून आणावें हें निस्तारपत्रकांत, आणि रस्ता, पाणी, मासेमारी यांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जांत लिहिलेल्या होत्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही हीं दोन्ही पत्रकें कायम ठेविलीं. ज्यांच्यापाशीं ना कपाट ना वकील, त्या गोरगरिबांच्या हक्कास लेखाचाच आधार आहे. आणि सुशिक्षितांच्या घरीं मात्र लिहिण्याचाच कंटाळा!

वास्तविक गांवचें दप्तर समजण्यास कठीण नाहीं. गांव नमुना सात यांत जमीन कोणाची व तीवर बोजा कोणाचा हें असतें. नमुना बारा यांत पिकें. दोन्ही मिळून सात-बारा. आठ-अ वरून एका खातेदाराची त्या गांवांतील एकूण जमीन कळते. मृत्यु, वाटणी, खरेदी यांमुळें होणारा प्रत्येक बदल प्रथम नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हिच्यांत चढतो. वारसा प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें, असा कायदा आहे. तलाठी नोंद धरतो, चावडींत नोटीस लावतो, संबंधितांस सूचना देतो. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

येथें एक भेद ध्यानीं ठेवला पाहिजे. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती मुख्यतः सारा कोणाकडून घ्यावा यासाठीं असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच तोडतें. तथापि उलट सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखांतील नोंद खरी धरावी, असेंही कायदाच सांगतो. अर्थात् ज्याचें नांव गळलें, त्याच्याच माथीं पुराव्याचें ओझें येतें.

एकत्र कुटुंबांत हें ओझें फार सहज पडतें. पूर्वीं कित्येक ठिकाणीं वडील भावाच्या नांवापुढें ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढीं तीन अक्षरें लिहून सर्व भावांचा हक्क दर्शवीत. पुढें नक्कल होतांना तीं गळालीं, कीं कारभारी तोच मालक दिसूं लागे. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. थोरल्या काकांनीं जन्मभर शेत सांभाळलें, सर्वांस धान्य पोंचविलें. कोणास शंका आली नाहीं. ते वारल्यावर वारस म्हणून केवळ त्यांच्याच मुलांचीं नांवें लागलीं, आणि एका पंगतींत जेवलेलीं चुलत भावंडें न्यायालयांत समोरासमोर उभीं राहिलीं. लबाडी कोणीच केली नव्हती. आळस सर्वांनीं केला होता. त्या घरच्या आत्याबाई आम्हांस म्हणाल्या, “शेत मला कशाला हवें होतें? पण नांवें लावतांना मला कोणीं विचारलेंसुद्धां नाहीं हो!”

आत्याबाईंचा हा प्रश्न आतां केवळ मानाचा राहिलेला नाहीं. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलगी मुलाइतकीच जन्मतः हक्कदार ठरली. वडील त्या दिवशीं हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित आहेत. बहिणीस हक्क सोडावयाचाच असेल, तर तिनें नोंदणीकृत हक्कसोडपत्रानें तो सोडावा; पण पूर्ण समजून सोडावा. भाऊबीजेची ओवाळणी हा कांहीं त्याचा मोबदला नव्हे.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळूं लागला आहे. परंतु यंत्र झालें तरी दप्तरीं असलेलेंच नांव दाखविणार. म्हणून आमची सूचना एवढीच : येत्या दिवाळीस मंडळी जमतील तेव्हां सात-बारा, आठ-अ व जुने फेरफार सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावे. लेकी व विधवा सुना यांच्यासह पूर्ण वंशावळ लिहावी. राहत्या घराची आखीव पत्रिकाही त्याच बैठकींत पाहावी. राहिलेल्या वारसांची नोंद त्याच महिन्यांत करून टाकावी. वडील माणसें हयात आहेत आणि मनें निर्मळ आहेत, तोंवर हें काम एका दुपारचें आहे. पुढें तेंच दोन पिढ्यांस पुरत नाहीं.