लाळेची साक्ष

लाळ म्हटली की लाळघोटे आठवतात, आणि आमच्या कामगार चळवळीत तर तो शब्द शिवीसारखाच वापरतात. आज मात्र बोलायचे आहे ते खऱ्याखुऱ्या लाळेविषयी. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात शेकडा ९९ भाग पाणी. उरलेल्या एका भागात क्षार, पाचक द्रव्ये आणि जंतूंशी झुंजणारी प्रथिने असतात. शिवाय लाळेच्या ग्रंथींभोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे रक्तातलीही कित्येक द्रव्ये तिच्यात झिरपतात. शरीराच्या आतली हकीकत सांगणाऱ्या अशा द्रव्यांना शास्त्रज्ञ जैवनिर्देशक म्हणतात. आम्ही त्यांना साक्षीदार म्हणू.

हिरडीचेच पाहा. हिरडी सुजून आतले बंध तुटू लागले, की तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतून एमएमपी-८ नावाचे, तंतू कुरतडणारे द्रव्य लाळेत उतरते. ते काही मिनिटांत ओळखणाऱ्या पट्ट्या आता दंतवैद्यांसाठी निघाल्या आहेत. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह हे एकमेकांना बळ देणारे सोबती आहेत, तेव्हा ही साक्ष तोंडापुरती राहत नाही. मात्र लाळेतल्या साखरेवरून रक्तातली साखर भरवशाने सांगता येत नाही. कोणी तसे सांगून पट्टी विकू लागला, तर खिशाला हात घालू नये.

आमच्या जिव्हाळ्याचा साक्षीदार म्हणजे कॉर्टिसॉल. ताणाच्या वेळी वाढणारा हा अंतःस्राव सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातो. तो मोजायला रक्त काढावे, तर सुईच्या धास्तीनेच वाढायचा! लाळ घरबसल्या कापसाच्या बोळ्यावर टिपता येते. रात्री उशिरा तो खाली उतरलेला नसेल, तर डॉक्टरांना कुशिंगच्या विकाराचा संशय येतो. पण रात्रपाळीच्या माणसाला हा नियम लावता येत नाही, कारण त्याच्या देहाचे घड्याळच उलटे फिरलेले असते. तेव्हा अशा चाचणीला जाताना आपली पाळी कोणती, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

तंबाखूही लपत नाही. निकोटिनपासून शरीरात कोटिनिन तयार होते आणि शेवटच्या चिमटीनंतर दोन-तीन दिवस लाळेत सापडू शकते. येथे आमच्यातला संघटक जागा होतो. सुई नाही, वेदना नाही, म्हणून संमतीही नको, असे कोणी म्हणू लागेल. आमचे म्हणणे असे की लाळ कामगाराची आहे. ती कशासाठी घेतली, अहवाल कोणाच्या हाती गेला, हे त्याला विचारता आलेच पाहिजे. उपचारासाठी घेतलेली लाळ नोकरीवरून काढण्याचा पुरावा होता कामा नये.

मुखाच्या कर्करोगासाठी लाळेतल्या साक्षीदारांचा शोध चालू आहे, पण नुसत्या लाळेवर विसंबावे अशी वेळ आलेली नाही. तोवर दृष्टी आणि उजेड पुरे पडतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही दिसले, तर रजा मिळण्याची वाट पाहू नये.